मानेपासून सुरुवात

४ मार्च

मावशी,

माझा फोन पाण्यात पडला, म्हणून हे पत्र. कसा पडला ते सांगत बसले तर कागद संपेल. थोडक्यात, एका बदकाचा फोटो काढत होते. बदक ठीक आहे.

खरं तर पडला ते बरंच झालं. फोनवर तू "बरी आहे गं" म्हणतेस आणि काकांकडे देतेस. काका "बरी आहे" म्हणतात आणि परत तुझ्याकडे देतात. छातीच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं. काखेतल्या गाठी काढल्या म्हणून आता उजवा हात सुजतो, एवढं मला आईकडून कळलं, तेही ती भलतंच काही सांगत असताना मधेच. आता पत्रात तरी सरळ लिही.

माझं म्हणशील तर मागचं काम सुटलं (सोडलं म्हण) आणि आता मी फेरीबोटीवर आहे. या काठावरच्या गाड्या त्या काठावर नेणारी मोठी बोट. माझं काम खालच्या डेकवर झेंडी घेऊन गाड्या लावून घेण्याचं. ये, ये, ये, बस. आयुष्यात पहिल्यांदा मोठी माणसं माझं ऐकतात. काल एकजण टपावर आख्खी अंघोळीची टाकी बांधून आला होता, आणि त्या टाकीत त्याचा कुत्रा बसला होता. पण ते राहू दे.

मुद्दा हा की आमच्या बोटीवर एक तिकीटवाली आहे. तिचंही तुझ्यासारखंच ऑपरेशन झालंय, फार पूर्वी. तिचाही हात सुजायचा. आता दोन्ही हात शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते सांगता येत नाही. ती रोज सकाळी वरच्या डेकवर बाकावर बसून स्वतःच स्वतःच्या हाताला मालिश करते. अंगात म्हणे रक्तासारखं आणखी एक पाणी फिरत असतं. त्याची वाट बंद झाली की ते साठून राहतं. त्याला वाट करून द्यायची, बस्स. मी चहाचा पेला घेऊन वर जाते तेव्हा तिचं चालूच असतं, त्यामुळे बघून बघून माझं पाठ झालंय. बोटांपासून निघायचं, मग मनगट, कोपर, दंड आणि खांदा. नेहमी वरच्या दिशेने. मग परत बोटं. एवढंच आहे. घरबसल्या होण्यासारखं.

करून बघ आणि कळव.

तुझी भिंगरी

१३ मार्च

भिंगरे,

पत्र पोचलं. बदकाचं वाचून जीव भांड्यात पडला.

हे मी वॉलपेपरच्या उरलेल्या तुकड्यामागे लिहितेय. पुढच्या बाजूची पानंफुलं एका दंतवैद्याकडे लावली होती. तुझ्या खोलीत चिकटव, म्हणजे तिथे काहीतरी टिकेल. तू तर टिकणार नाहीसच.

सरळ लिही म्हणतेस, तर घे. हात जड असतो. संध्याकाळपर्यंत इतका भरतो की कोटाची बाही निघत नाही, तुझ्या काकांना ओढावी लागते. तेही असे ओढतात, जशी काही बाहीलाच लागेल. आणि वर धरला की बघायलाच नको. वॉलपेपर लावणाऱ्या बाईने हात वर धरायचा नाही तर काय करायचं? लग्न झाल्यापासून मी शिडीवर आणि हे खाली शिडी धरून. दोन पायऱ्या चढले की ह्यांना घाम फुटतो, तुला ठाऊकच आहे. गिऱ्हाइकांना मात्र वाटतं, किती प्रेमाने धरतात.

आजारी पडले तेव्हा आपल्याच बैठकीत नवा कागद लावायला घेतला होता, बगळ्यांचा. अर्धी भिंत झाली आणि मी दवाखान्यात. तेव्हापासून शेवटच्या पट्ट्यावरच्या बगळ्याला पाय आहेत, पोट आहे, मान आणि डोकं पुढच्या पट्ट्यावर. रोज जेवायला बसले की तो बिनडोक्याचा समोर उभा.

काका म्हणतात, शिडी विकून टाकू. एक माणूस येऊन बघूनही गेला. मी म्हटलं, जरा थांबा. हात उतरला तर कामाला लागू, नाही उतरला तर द्या. असं ठरलंय.

दवाखान्यातून एका फिजिओथेरपीच्या बाईंकडे जायला सांगितलं होतं, पण मी गेले नाही. आयुष्यभर हाताने कमावलं आणि आता तोच हात लोकांना दाखवत फिरायचा, मला नाही जमत. त्यापेक्षा तुझं बरं. बोटांकडून खांद्याकडे ना? मग हे मला कुणी शिकवायचं? कागदाखाली हवा अडकली की ब्रश घेऊन जोरात रेटत कडेपर्यंत न्यायची. बुडबुडा जातो कुठे? हेही तेच. तेल लावून आजपासून सुरू करते.

मावशी

२२ मार्च

मावशी,

तुझी पानंफुलं माझ्या बंकच्या डोक्याशी लावली. खालच्या बंकवरची स्वयंपाकीण म्हणाली, "घर थाटतेस की काय?" मी म्हटलं, छे, मावशीचं पत्र आहे, वाचायचं झालं की उलटं करते.

बुडबुड्याचं तू म्हणालीस आणि मला एकदम पटलं. तुला सांगायची गरजच नव्हती, तुझ्या हातातच आहे ते. तिकीटवाली किती जोर लावते ते लांबून कळत नाही. डोळे मिटून करते, म्हणजे दुखत नसावं. किंवा दुखत असेल म्हणून मिटत असेल. विचारेन. आज विचारणार होते पण तेवढ्यात एका ट्रकमधून खुर्च्या घसरल्या, दीडेकशे असतील, आणि सगळा डेक सभागृहासारखा दिसायला लागला. लोक बसलेसुद्धा.

शिडी विकू देऊ नकोस. काकांना सांग, मी रागावलेय.

भिंगरी

१ एप्रिल

भिंगरे,

चाललंय. रोज करते.

मोकळं वाटतं.

काका बरे. शिडी आहे अजून.

तू जेवत जा.

मावशी

१० एप्रिल

मावशी,

तुझं पत्र बघून मी डेकवर उडीच मारली. शब्द चार, पण अक्षर केवढं मोठं. एकेक अक्षर भोपळ्याएवढं, आख्खा तुकडा भरला. आधीचं पत्र कसं मुंग्या चालल्यासारखं होतं. हात मोकळा झाल्याशिवाय कुणी असं ऐसपैस लिहीत नाही. मी स्वयंपाकिणीला दाखवलं, "बघ, माझ्या मावशीचा हात सुटला." तिने मला जास्तीचा ब्रेड दिला.

मला वाटतं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडले. आई म्हणते, ही पोरगी कुठलंच काम तडीस नेत नाही. आता तिला सांग. शाळा अर्धी सोडली, शिवणकाम अर्धं सोडलं, त्या रोपवाटिकेत तर मी रोपं लावून आले आणि फुलं दुसऱ्यांनी बघितली. पण हे बघ, पूर्ण झालं.

बगळ्याला डोकं आलं की कळव. त्याच कागदाचा तुकडा पाठव.

तुझी उपयोगी भिंगरी

५ मे

मावशी,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. मी समजत होते की तू शिडीवर असशील, वेळ मिळत नसेल. आज सकाळपासून तसं वाटत नाहीये. तुमचे नंबर त्या बुडालेल्या फोनबरोबर गेले, नाहीतर फोनच केला असता. हे पत्र मिळेल त्या क्षणी मालिश थांबव, मग पुढचं वाच.

माझी ड्युटी बदलली. आज पहिल्यांदा मला पहाटेच्या फेरीला लावलं, त्यामुळे उजाडायच्या सुमारास वर गेले. तिकीटवाली नुकतीच बाकावर येऊन बसत होती. तिने हाताला हातच लावला नाही. पोटापासून सावकाश श्वास घेतले. मग बोटं मानेवर ठेवली, गळ्याच्या हाडापाशी, आणि तिथली कातडी हळूच हलवायला लागली.

मी म्हटलं, "हे मानेला काय करतेस?"

"सुरुवात."

"सुरुवात बोटांपासून असते ना?"

तिने मानेवरची बोटं काढली. "तू चहा घेऊन येतेस तेव्हा माझं संपत आलेलं असतं, बाई. रोज शेवट बघून जातेस होय?"

मग तिने सगळं दाखवलं. आधी मान. मग चांगल्या बाजूची काख, कारण आजारी बाजूच्या पाण्याला आता तिकडे जायचं असतं. मग छाती ओलांडून त्या बाजूला. मग दंड, मग कोपराखालचा हात आणि बोटं सगळ्यात शेवटी. तिथून परत वर खांद्याकडे, आणि मी रोज बघायचे ते फक्त एवढंच. ती म्हणाली, "तू खाली काय करतेस? पुढची गाडी किनाऱ्याला उतरल्याशिवाय मागच्या गाडीला झेंडी दाखवतेस का?" मावशी, मी दिवसभर तेच काम करते गं. पुढे ट्रक अडला असताना मागच्याला ये, ये म्हटलं तर काय होतं ते मला कुणी सांगायला नको. आणि मी तुझ्या हातात नेमकं तेच करायला सांगितलं.

आणि जोर अजिबात नाही. तिने माझ्या मनगटावर करून दाखवलं. दुधावरची साय न फाटता बोटाने सरकवावी, तेवढाच. तेल नाही. मुळात तिला हे एका दवाखान्यात शिकवलं होतं आणि अजूनही ती अधूनमधून तपासून येते, हे तिने आज सांगितलं. हात लाल झाला, गरम लागला किंवा ताप आला तर हातच लावायचा नाही, थेट डॉक्टर.

मला आता ते तुझं मोठं अक्षर दिसतंय. पेन धरता येत नव्हता ना तुला?

लवकर लिही. एक शब्द लिहिलास तरी चालेल.

भिंगरी

६ मे

चि. भिंगरी हिस,

तुझ्या मावशीला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितो. मला पत्रं लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

तिला दवाखान्यात ठेवलं होतं, परवा घरी आणलं. हात बरेच दिवस वाढत चालला होता. तेल लावून रेटून चोळायची आणि विचारलं तर म्हणायची, "जातोय, जातोय." खांद्यापाशी गाठोडं बांधल्यासारखं झालं होतं. मग कोपराच्या आत कुठेतरी खरचटलं, हात लालभडक झाला आणि थंडी वाजून ताप भरला. सलाइनमधून औषधं दिली. आता ताप नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

तुला कळवायचं नाही असं मला बजावलंय. "पोरगी पहिल्यांदा कशाने तरी खूश झालीय, राहू दे" असं म्हणाली. पण तू उद्या विचारशील तर मी काय सांगू, म्हणून लिहितोय. ती तुझ्यावर रागावलेली नाही. माझ्यावर रागावली आहे, कारण शिडीवाल्या माणसाला मी रविवारी यायला सांगितलं.

मला तरी दुसरं काही सुचलं नाही. तिला त्या शिडीकडे बघत जेवताना मला बघवत नाही.

काका

२६ मे

भिंगरे,

डोळे पुस आधी. तुझं ५ तारखेचं पत्र ह्यांच्या पत्राला वाटेत कुठेतरी भेटलं असणार, कारण ते मला दोनच दिवसांनी मिळालं. आणि त्याच दिवशी तुझे काका मला त्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे अक्षरशः धरून घेऊन गेले. म्हणजे सकाळी तू सांगितलंस मानेपासून, आणि दुपारी त्यांनी सांगितलं मानेपासून. मी त्यांना म्हटलं, "माझी भाची पण हेच म्हणते." त्या म्हणाल्या, "भाची काय करते?" मी म्हटलं, "ट्रक लावते." त्यांनी मान डोलावली.

लाली पूर्ण गेल्यावरच त्यांनी हाताला हात लावला. मग करून दाखवलं, आणि माझ्या हाताने करायला लावलं तर दोनदा माझा हात उचलून बाजूला ठेवला. "तुम्ही भिंत घासताय." मग म्हणाल्या, "कातडीवरून हात फिरवायचा नाही, कातडीसकट हात सरकवायचा, आणि सोडायचा." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, ओला कागद भिंतीवर टेकवला की नक्षी जुळवायला आपण तळवा ठेवून तो केसभर सरकवतो, तसं. जोर दिला तर फाटतो, नाही दिला तर हलत नाही. इतकी वर्षं दोन्ही कामं करतेय, बुडबुडा रेटायचं आणि कागद सरकवायचं, आणि नेमकं चुकीचं निवडलं. त्यात तुझा काय दोष? तू मला रेट म्हणून लिहिलं नव्हतंस.

आता रोज सकाळी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसते. मान, मग डावी काख, मग छाती, मग हात. नंतर घट्ट बाही चढवते, त्यांनी मापाने करून दिलीय. हात पूर्वीसारखा होणार नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. पण उतरतो. ओळंब्याच्या दोऱ्याने मनगट मोजते, दोऱ्यावरची खुणेची गाठ मागे सरकतेय. फार वेळ हात वर धरायचा नाही, हेही सांगितलंय.

तर मग शिडी. ऐक. रविवारी तो माणूस आला. म्हणाला, "डगमगते का बघू, चढून दाखवा." मी आजारी, तो स्वतः जाडा, मग उरलं कोण? तुझे काका चढले. वरपर्यंत गेले, कारण दोन पायऱ्यांवर थांबायची त्यांना लाज वाटली. आणि मग उतरेनात. तो माणूस खालून म्हणतोय, "डगमगत नाही, पटलं मला, या आता." हे म्हणतात, "जरा थांबा." तो पाणी प्यायला, त्याने मला तब्येत विचारली, त्याचा चहा झाला, आणि हे वरच. शेवटी तो वैतागून निघून गेला. मी खुर्चीतून म्हटलं, "अहो, आता तरी उतरा." तर म्हणतात, "इथून बैठक छान दिसते गं. तू मला कधी सांगितलं नाहीस."

उतरायची भीती म्हणून वर राहिले आणि वर राहून राहून चढायची भीती गेली. माणसाचं काही सांगता येत नाही.

शिडी दिली नाही. ठरलंय असं की हे वर आणि मी खाली. वरची कड मी खालून सांगेन, खालची मी स्वतः बसवेन. आधी आपली भिंत करून बघायची. पण पुढचा पट्टा उचलून धरायला तिसरं माणूस लागेल. ये. आणि एकदा तरी सुरुवातीला ये. मी सकाळी खिडकीपाशी बसायच्या आधी.

मावशी

४ जून

मावशी,

सुट्टी मिळाली. रात्रीच्या गाडीने निघते, म्हणजे सकाळी तू उठायच्या आत दारात. वाटेत कुठेही उतरणार नाही. तिकीटवालीला सांगून ठेवलंय की मी उतरले तर तिने माझ्याशी बोलू नये.

वर राहिलेल्या माणसाला माझा नमस्कार.

भिंगरी

९ जुलै

भिंगरे,

तू गेलीस आणि घर एकदम रिकामं वाटलं, मग तुझी ओली छत्री स्वयंपाकघरात सापडली आणि तेवढं वाटेनासं झालं.

वेळेवर आलीस. दारात उभी राहून "मी उशीर केला का?" विचारत होतीस, तेव्हा बाहेर पुरतं उजाडलंही नव्हतं. पायरीवर बसून माझ्याकडे टक लावून सगळं बघितलंस, अगदी पहिल्या श्वासापासून. मधे मांजर गेलं तरी मान वळवली नाहीस. मला तेव्हाच कळलं तू किती घाबरली होतीस ते. आता ते सोड.

बैठक पूर्ण झाली. बगळ्याला मान आणि डोकं आलं, आणि जोड कुठे आहे ते मलासुद्धा शोधावं लागतं. हे वरून "बरोबर आहे का?" विचारतात आणि मी खालून "जरा डावीकडे" म्हणते. इतकी वर्षं मी वरून बोलत होते तेव्हा हे निमूट ऐकायचे. आता मला कळतं, खालून बोलायला जास्त मजा येते. दंतवैद्यांच्या भावाचं काम आलंय, दोन खोल्यांचं. हो म्हटलंय.

एक तक्रार आहे. दाराआडचा जो पट्टा तू एकटीने लावलास ना, आम्ही दोघं चहा पीत असताना, तो उलटा लावलायस. तिथले सगळे बगळे छताला पाय टेकून लटकतायत. तुझे काका म्हणाले, काढून टाकू. मी म्हटलं, हात लावाल तर बघा. दार उघडं असलं की दिसत नाही. मी ते रोज बंद करून बघते.

तू मागितला होतास तो बगळ्यांचा तुकडा हाच. ही शेवटची कातरण उरली होती, दोन तळहातांएवढी, तिच्याच मागे लिहितेय. मला वाटलं होतं जागा अर्ध्यातच संपेल आणि दुसरा कागद शोधावा लागेल. पण बघ, सगळं मावलं, आणि खाली सही करायला जागाही राहिली.

मावशी